पत्र्याबद्दल पत्र

जाफराबाद,
रविवार

प्रिय रखमाजी,

फोनवर तू ‘ठीक हाय’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. परवा त्या ‘ठीक’च्या आधी खोकलास आणि ‘हाय’च्या नंतरही. पत्र असं मधेच ठेवता येत नाही, म्हणून लिहून राह्यलो.

गेल्या महिन्यात तू आमच्या वाचनालयाचं छप्पर बदलायला आल्तास. जुने सिमेंटचे पत्रे तू कटरनं कापत होतास आणि मी, वाचनालयाचा म्हातारा व्यवस्थापक, दुसरं टोक धरून उभा. उघड्या छपरातून ऊन उतरलं, त्यात ती पांढरी धूळ तरंगायला लागली, आणि मला आपल्या चौथीच्या पुस्तकातली धुक्याची कविता आठवली. मी ती सगळी म्हटली. दोनदा. तू कटर बंद करून म्हणालास, "अप्पाराव, पत्रा धर, कविता सोड." तेव्हाच ऐकायला पाहिजे होतं. कविता म्हणायला तोंड उघडावं लागतं.

धुळीनं पांढरा झालेला माझा फोटो मी नात अर्पिताला पुण्याला पाठवला. ती कारखान्यात सुरक्षेचं काम बघते. वाटलं, कौतुक करील. तिनं विचारलं, "आजोबा, ते अ‍ॅस्बेस्टॉस आहे का?" मी म्हटलं, छे, तसलं काही आपल्या बाजारात येत न्हाई, साधा सिमेंटचा पत्रा आहे. आठ दिवस मी हेच ठणकावत राहिलो. मग तिनं समजावलं की सिमेंटच्या पत्र्यात तेच घालायचे, आणि कापला की त्याचे बारीक तंतू छातीत जाऊन बसतात. शाळेवरही तसलाच पत्रा; ज्याच्याखाली मी तीस वर्षं शिकवलं, त्याचं खरं नाव मला बहात्तराव्या वर्षी कळलं.

मंग काय. रोज सकाळी मी मुद्दाम खोकून पाहू लागलो. मुद्दाम खोकलं की खरा खोकला येतोच. तुझी वहिनी गिरिजा म्हणाली, "त्यापेक्षा कविता म्हणा, ती बरी." एके दिवशी मी गंभीर होऊन तिला कपाटाच्या किल्ल्या कुठं असतात ते सांगायला बसलो. ती म्हणाली, "पन्नास वर्षं माझ्याच कमरेला आहेत."

शेवटी जालन्याला छातीच्या डॉक्टरकडं गेलो. एक्स-रे काढला, नळीत फुंकायला लावलं. तरुण माणूस, पण शांत. म्हणाला, "आजोबा, एका दुपारच्या धुळीनं सहसा काही होत नाही. आणि झालंच तर दिसायला वीस-तीस वर्षं लागतात." मी बेरीज केली, एकशे दोन झाले. घरी येऊन सांगितलं तर गिरिजा म्हणाली, "मंग तोवर दळण आणून द्या."

तिला एक मात्र सांगितलं नाही. मी उठताना डॉक्टरनं सहज विचारलं, "पत्रा कापत कोण होतं?" मी परत खुर्चीत बसलो. मग सांगितलं, तो पस्तीस वर्षं हेच करतोय. जाफराबादपासून धावड्यापर्यंत निम्मी छपरं त्याच्या हातची. तोंडाला रुमाल बांधत नाही, बांधला तर विडी कुठून ओढू म्हणतो. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "त्यांना घेऊन या. जल्दी."

तू पहाटे गोठ्यामागं जाऊन खोकतोस, हे गोजरवहिनींनी मला सांगितलेलं नाही असंच समज. मी त्यांना तसं वचन दिलंय.

या पत्राचा पहिला खर्डा मी फाडला. त्यात, मी फार आजारी आहे, दवाखान्यात सोबतीला ये, असं लिहिलं होतं. तेवढ्यासाठी तू पहिली जीप धरून आला असतास. पण तिसरीपासून तू माझ्या थापा पकडत आलायस, म्हणून सरळ लिहितो. मला काही झालेलं नाही. भीती मला तुझी वाटून राह्यली. बुधवारी सकाळी दहाचा नंबर लावलाय, तुझ्या नावानं. खिडकीवरच्या बाईनं विचारलं, पेशंट तुमचे कोण लागतात? आडनाव वेगळं, गाव वेगळं. मी ‘भाऊ’ म्हटलं. तिनं मान खाली घालून तसं लिहूनही घेतलं. आता मला खोटं पाडू नकोस.

बुधवारी स्टँडवर उभा असलेला,
तुझाच
अप्पाराव