सैल गाठींचा दिवा

प्रिय अमृत,

आप्पांच्या पोटी जन्मलेल्या आपल्या दोघांचं एक जुनं दुखणं आहे: या माणसाने आपलं कधी ऐकून घेतलं नाही. सभेत हजार माणसं माझं भाषण ऐकतात, घरात आप्पा भिंतीकडे बघत बसतात. तू बैल विकलेस तेव्हापासून तर ते तुझं नावही घेत नव्हते. काष्टी गाव सोडून माझ्याकडे भिंगारला आले त्याला दीड वर्ष झालं. दिवसभर हात मांडीवर. ज्या हातांना कामच उरलं नाही, त्या हातांना आराम तरी कसला?

गेल्या आठवड्यात मी बाजारातून सुती दोरी आणली. दिव्यासाठी मॅक्रमेची, म्हणजे दोरीला गाठी मारून विणलेली, शेड करायची होती. मोबाईलवर बघून लोखंडी कडीला दोऱ्या अडकवल्या, कडी खिडकीच्या गजाला टांगली आणि हातांच्या श्रमाची थोरवी आप्पांना तासभर ऐकवली. गाठ मात्र एकही जमेना. शेवटी तेच उठले. म्हणाले, हे तर मुसकीचं काम हाय, दे इकडं. आठवतं ना, बैलाने पिकात तोंड घालू नये म्हणून बांधायची ती जाळी ते एका बैठकीत विणायचे.

दोन दिवसांत शेड झाली. आत बल्ब लावला, तर खोलीत अंधारच. गाठी इतक्या आवळलेल्या की कुठे फटच नाही. आप्पा बघत राहिले.

"उजेडालाच मुसकी घातली व्हय गं म्या?"

आणि हसले, अमृत. पोट धरून हसले.

मग गाठी सोडवायला बसले आणि मी समोर दोरी धरून. जगाला खरं बोला म्हणून ठणकावणारी मी दीड वर्ष जे लपवलं होतं, ते तेव्हा त्यांना सांगितलं. आप्पा दवाखान्यात असताना बैल विकायचा आग्रह माझा होता. तू नको म्हणत होतास, आणि बोलणी मात्र तू खाल्लीस. त्यांनी हातातली गाठ सोडवली, पुढची घेतली. मग म्हणाले, "ही अमृतच्या नव्या घरात लाव. आता सैल इनतो."

शेड तयार आहे. छतभर जाळीची नक्षी पडते. आप्पा आता रोज दोरी मागतात. माझ्यावर रागव, तो तुझा हक्क आहे. पण ही शेड मी कुरिअरने पाठवणार नाही. येत्या रविवारी भिंगारला ये आणि आप्पांच्या हातून घेऊन जा.

तुझीच, उशिरा खरं बोललेली,
जयाताई