बाकामागची ओल

३ नोव्हेंबर

बाबांची बोट शेवटी माझ्याच गळ्यात! दादाला ती चालवायची आहे, पोरांना घेऊन. म्हणाला, जगाच्या बोटी तपासतेस, आता घरचीही तपास. धड असेल तर रंगवतो, नाहीतर तोडायला देतो. आई काहीच बोलली नाही. बाबा गेल्यापासून ती कशातच बोलत नाही. संध्याकाळी फिरायला जाते, तेवढंच.

५ नोव्हेंबर

ऊन उतरल्यावर उष्णता टिपणारा कॅमेरा घेऊन धक्क्यावर गेले. हीच वेळ बरी. दिवसभर तापलेली बोट गार होऊ लागते. आत कुठे पाणी मुरलं असेल तर तेवढी जागा ऊब सोडत नाही, पडद्यावर उजळ दिसते. धक्क्यावरच आई भेटली, परतत होती. डोळे लाल. वारा लागला म्हणाली.

एरवी बाहेरून सुरुवात करते. आज आधी केबिनमध्ये शिरले, बाबा बसायचे तिथे. बाकामागच्या भिंतीवर मोठा उजळ डाग! त्याच्यावर एक लहान. ही भिंत म्हणजे फायबरचे दोन पातळ थर आणि मधे लाकूड. त्या लाकडात पाणी शिरलं की संपलंच. बाकी सगळी बोट स्वच्छ होती.

६ नोव्हेंबर

पुन्हा गेले. आजही आई वाटेत भेटली. तडक केबिनमध्ये. तोच डाग, त्याच जागी.

कॅमेऱ्याने दाखवलं की हातोडीने ठोकून खात्री करायची, भद्द वाजलं तर ओल — हे बाबांनीच शिकवलेलं. हातोडी काढली. हात उचलेना. त्यांच्या बोटीचं दुखणं आता कानांनीही ऐकायचं? नाही जमलं. घरी येऊन दादाला सांगून टाकलं.

तो म्हणाला, पोरं आहेत, जोखीम नको. मी आईला विचारलं, तोडायला देऊ ना? "तू बघितलंयस ना?" म्हणाली आणि आत गेली.

१२ नोव्हेंबर

बोट तोडायला नेली. आई दारापर्यंतही आली नाही.

१४ नोव्हेंबर

तोडणाऱ्याचा फोन. "ताई, ती भिंत कापली. ओल कसली, आत लाकूड खडखडीत आहे."

धावत गेले. तुकडा हातात घेतला. कोरडा. बोट बांधताना बाबांनी पेन्सिलीने मारलेल्या रेघासुद्धा जशाच्या तशा! कॅमेरा बिघडला असेल. बिघडलेलाच असू दे.

१५ नोव्हेंबर

घरातच कॅमेरा तपासत होते. आई हल्ली फिरायला जात नाही. भिंतीला पाठ लावून, डोकं मागे टेकून बसून राहते. वहिनीने हाक मारली तशी उठून गेली.

पडद्यावर तिच्या जागी मोठा उजळ डाग. त्याच्यावर एक लहान.

१६ नोव्हेंबर

शेवटी आईला विचारलंच. हो, रोज बाबांच्या त्या बाकावरच जाऊन बसायची. तिथं टेकलं की बरं वाटायचं म्हणाली.

मग तोडू नका असं का नाही म्हणालीस?

"तुझे बाबा म्हणायचे, पोरीचं बघणं कधी चुकत नाही."