एका मांडीवर एकच

१२ जानेवारी, सोमवार

मनीचं मस्कतचं तिकीट आज निघणार होतं. अडलं. संतोषने विमान कंपनीला फोन लावला, तर पलीकडची पोरगी मधाळ आवाजात म्हणते, एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच तान्हं मूल. मुलं दोन असतील तर मोठी माणसं दोन. नियम आहे, सर.

मनी एक, जुळ्या पोरी दोन. आज तीन महिने झाले पोरींना. बाळंतपणाला माहेरी आली ती अजून इथेच, भिवंडीजवळ राहनाळला. जावई नीलेशराव तिकडे गोदामात सुपरवायझर, दिवाळीशिवाय रजा नाही. आमच्या संतोषचा दापोड्याला ट्रान्सपोर्टचा धंदा, मार्चअखेर तोंडावर. सूनबाई कल्पनाच्या मागे नातवाची दहावी. जावयाच्या आई, कोन गावच्या विहीणबाई तर विमान म्हटलं की डोळेच मिटतात.

उरलं कोण? माझं नाव कुणी घेतलं नाही. आज मीही नाही.

१४ जाने., बुध. संक्रांत

विहीणबाई तिळगूळ घेऊन आल्या. हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "एक पोर ऱ्हाऊ दे माज्याकडं. दिवालीला नीलेश येल, तवा नेल. धा महिने काय, आसं जातील."

सगळ्यांनी माना डोलावल्या. वाईट बोलल्या असं नाही, मायेनंच बोलल्या. मग कल्पनाने सहज विचारलं, "कोणती ठेवायची?"

मनी दुपट्यांच्या घड्या घालत होती, तिचा हात थांबला. संतोष खाकरला. "थोरली बाटलीनं पिते. ती राहील."

(थोरली म्हणजे अकरा मिनिटांनी थोरली. आणि बाटलीनं पिते, एवढाच गुन्हा.)

मी म्हणालो, "मी जातो मनीबरोबर."

आधी हसले. विहीणबाई सगळ्यांत जास्त. "अवो व्याही, कल्यानपरत रिक्षात गेलं तरी तुमाला मलमलतं!"

"विमानाच्या वाटेत खड्डे नसतात, विहीणबाई."

वय ७३. पासपोर्ट नाही. गुडघे हे असे. बीपीची गोळी. एकेक काढून दाखवलं सगळ्यांनी. मी तिळगूळ खात बसलो. गूळ कडक होता, बराच वेळ पुरला.

१५ जाने., गुरु.

कारण इथे लिहून ठेवतो. तोंडानं सांगणार नाही कुणाला.

वच्छी. माझ्या पाठची. आईला पुन्हा दिवस गेले, घरात खाणारी तोंडं फार, म्हणून मामा म्हणाला, वर्षभर राहू दे आमच्याकडे. वर्षाची सात वर्षं झाली. परत आली तेव्हा ओट्यावर उभी राहिली आणि आईला म्हणाली, "पाणी मिळंल का?" आपल्याच घरात. आईने तांब्या दिला, आणि आत जाऊन...

त्या आठवड्यात वर्गात घरट्याची कविता चालू होती. मला सगळी पाठ. गुरुजींनी उभं केलं, एक ओळ आली नाही. छडी खाल्ली. आजही ती कविता म्हणताना त्याच ठिकाणी अडखळतो.

सगळे म्हणतात, सोय. तेव्हाही सोयच होती.

२१ जाने., बुध.

कुणाला न सांगता शाळेत गेलो. पासपोर्टला जन्माचा पुरावा लागतो म्हणे, शाळा सोडल्याचा दाखला चालतो. (तीन महिन्यांच्या पोरींकडे पासपोर्ट आहे. माझ्याकडे नाही!)

कौलारू शाळा गेली, स्लॅबची आली. मागे भाताची खाचरं होती, पाऊस सरला की आम्ही बांधावर बसून पाढे म्हणायचो. आता गोदामांचे निळे पत्रे. कंटेनर मागे घेताना टीं टीं वाजतो, त्यावर मुलं पाढे म्हणतात. म्हणतात मात्र अजून.

मुख्याध्यापिका तरुण. जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली. माझी जन्मतारीख १ जून. गुरुजींनी सरसकट सगळ्यांना १ जून देऊन टाकली होती. आमच्या वर्गात बावीस जण एकाच दिवशी जन्मलेले. जुळ्यांचं कौतुक आम्हाला कुणी सांगू नये.

"आजोबा, दाखला कशाला हवाय?"

"परदेशी जायचंय."

दारातली चौथीची पोरं ओरडली, "आजोबा फॉरेनला चालले!" बाईंनी विचारलं, आमच्या वेळी चौथीला काय होतं. मी होडीची कविता म्हटली, अखंड, चालीवर. संपल्यावर एका पोरीनं विचारलं, "अजून आहे का?"

आहे बाळा. पुष्कळ आहे.

८ फेब्रु., रवि.

संतोषने परीक्षा घेतली. खरीखुरी.

"बाबा, विमान पावणेतीन तास. तीन तास पोर मांडीवर घेऊन न उठता बसून दाखवा. मग बोलू."

भिंत आणि सोफा यांच्या मध्ये प्लास्टिकची खुर्ची कोंबली. पुढ्यात दुसरी, पाठमोरी, गुडघे तिला टेकतील अशी. मोबाइलवर गजर. स. १० ते १. कल्पना हवाईसुंदरी झाली, फुलपात्रातून पाणी. मांडीवर धाकटी. (ती रडकी. मुद्दाम तीच दिली.)

पहिल्या तासात पहिली ते तिसरीच्या कविता संपल्या. हळू आवाजात, तिच्या कानाशी. टक लावून बघत होती, मग झोपली. चौथीच्या काढल्या. पावणेबाराला जागी झाली आणि भोकाड. पाचवीची एक वीररसाची म्हणून पाहिली, आणखी चढली. ओवीच्या चालीवर आलो तशी उतरली. हिला ओवी पटते, पोवाडा पटत नाही. नोंद असावी. बाराला माझा लेंगा भिजला. बसून राहिलो.

साडेबाराला मलाच लागली.

संतोष हसायला लागला. "आता? मनीच्या मांडीवर थोरली असणार. हिला कुणाकडे देणार?"

"शेजारी बसलेल्याकडे."

"अनोळखी माणसाकडे?"

"चाळीस वर्षं लूमच्या कारखान्यात हजेरी लिहिली मी. बिहारचे, यूपीचे, तेलंगणाचे. सगळे अनोळखीच आले होते. खिशात पोरांचे फोटो घेऊन ड्युटीवर यायचे. पोर कसं धरायचं ते त्यांना कळतं."

उठलो नाही. एकला गजर वाजला. पाय लाकूड झालेले, दोघांनी धरून उभं केलं. सहावी-सातवीच्या कविता उरल्याच.

दुपारी संतोष लॅपटॉपवर बसला होता. मान वर न करता म्हणाला, "गुरुवारी ठाण्याला जायचंय. पासपोर्टला. दाखला आहे ना तुमच्याकडं?"

म्हणजे त्याला ठाऊक होतं.

२७ फेब्रु., शुक्र.

पासपोर्ट आला. फोटोत मी चोरासारखा दिसतो. असू दे.

विहीणबाई बघायला आल्या. उलटसुलट करून पाहिला. मग ठेवणीतलं काढलं. "जाशाल ते बरा. पन लेकीच्या घरी जेवशाल? आपल्यात नातू झाल्याबिगर बाप लेकीच्या घरचं खात न्हाय."

"नाती दोन झाल्या. एकीच्या नावाने सकाळी जेवेन, दुसरीच्या नावाने संध्याकाळी."

"व्याही, तुमची जीब लय चालते."

"गुडघे चालत नाहीत ना, म्हणून."

हसल्या शेवटी. जाताना सुक्या बोंबलाची पिशवी ठेवून गेल्या. तीन पिशव्यांत गुंडाळलेली. "नीलेशला सांगू नका मी रडले म्हनून." रडल्या कधी ते मी बघितलंही नव्हतं.

१५ मार्च, रवि. मस्कत

पोचलो! दोघी पोचल्या! काल हात रिकामा नव्हता लिहायला.

काउंटरवर नवाच नियम. एका ओळीत दोन तान्ही बसवत नाहीत, वरून पडणारा ऑक्सिजनचा मास्क ओळीत एकच जादा असतो. म्हणजे मनी थोरलीला घेऊन सतराव्या ओळीत, मी धाकटीला घेऊन एकोणिसाव्या. मनी कावरीबावरी. "बाबा, जमेल?"

"तू पुढे बघ."

शेजारी गोरखपूरचा एक गवंडी. त्याचंही पहिलंच विमान. चाकं उचलली तसं त्याने माझं मनगट धरलं. मी धाकटीला धरलेलं. धाकटीने माझा गुंडी लावायचा काज धरलेला. कान दडले, तिने टाहो फोडला. दोन ओळी पुढून थोरलीने ओ दिली. मग अर्धा तास सवाल-जवाब. पुढच्या सीटवरचे साहेब तीनदा वळून बघून गेले. चौथ्यांदा वळले तेव्हा मी म्हणालो, "दोन्हीकडून ऐकू येतंय ना नीट?" पुन्हा वळले नाहीत.

मला लागली तेव्हा गवंड्याकडे बघितलं. तो आधीच हात पुढे करून. "लाइए चाचा, हमारे भी दो हैं।" परत आलो तर धाकटी त्याच्या छातीवर गाढ, आणि तो खिडकीबाहेर बघत बसलेला. उतरेपर्यंत तिला मागितली नाही मी.

जावई दारात उभे. दोन हातांत दोघींना घेतलं आणि कोणती कोणती ते कळेना. ऑक्टोबरपासून फोनवरच बघितलेल्या. बोंबलाचं कालवण झालं. विहीणबाई, नोंद घ्या: लेकीच्या घरी जेवलो. वाढून घेऊन जेवलो.

२४ मार्च, मंगळ.

एक खोली, एक हॉल. खिडकीतून उघडे डोंगर, एक झाड नाही. कविता सुचत नाही असल्या डोंगरावर.

नी. (जावई) स. पाचला जातात, सं. आठला येतात. आल्यावर सगळ्या बाटल्या तेच धुतात, न सांगता. मनी दिवसभर दोघींत. एकीला पाजावं तर दुसरी ओली. माझे धरून चार हात, तेही पुरत नाहीत. १२ एप्रिलला माझा व्हिसा संपतो. मग दोनच. हे राहनाळला लक्षात आलं नव्हतं माझ्या. त्वेषात होतो.

धाकटीला खिडकीशी घेऊन आमच्या खाडीचं सांगतो. ओहोटीला चिखलात निवटे मासे उड्या मारायचे, हात घातला की निसटायचे. ती ऐकते. पटतं तिला.

३ एप्रिल, शुक्र. (इथे सुट्टी)

दुपारी जेवून बसलो होतो. नी. म्हणाले, "बाबा, एक बोलू? राग मानू नका."

"बोला."

"परत जाताना तुमची मांडी रिकामीच आहे."

समजायला वेळ लागला. मग समजलं.

"मनी कशी झालीय बघताय ना. आई कोनला वाटच बघतेय. दिवाळीला मी येतो, घेऊन येतो. सहा-सात महिने फक्त."

मी म्हणालो, "माझी मांडी लेकीला पोचवायला आली होती, नीलेशराव. नातीला उचलून न्यायला नाही."

"मलाही बरं वाटतंय का, बाबा?" मी खाली बघितलं.

मनी ओट्याशी पाठ करून उभी. नळ चालू. नाही म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही.

८ एप्रिल, बुध.

काल दुपारी मनी पाजता पाजता बसल्या जागी झोपली. थोरली मांडीवरून सरकली. मी होतो म्हणून. लिहितोय कारण खोटं लिहायचं नाही इथे. नी. खोटं बोलत नाहीत. चार दिवसांनी इथे मी नसेन.

व्हिसा वाढतो का, ते नी. विचारून येणार होते. दोन दिवस झाले. विचारलं नाही, की विचारलं आणि सांगितलं नाही?

आज संतोषचा फोन. "बाबा, उद्या दुपारपर्यंत सांगा. तिकिटात तान्हं मूल घालायचं की नाही."

"आणि महिनाभर पुढे ढकल म्हणालो तर?"

"व्हिसा आधी, मग तिकीट. आणि तुमच्या गोळ्या? कोण बघणार तिथं?"

"मीच बघतो. डब्यात असतात."

फोन ठेवून मनीला विचारलं. सरळच विचारलं. तू आई आहेस, तू सांग.

दोघी चटईवर पालथ्या पडल्या होत्या, मान वर धरायचा सराव चालू. दिवस भरायच्या आधीच जन्मलेल्या, म्हणून सगळं उशिरा. थोरलीला जमतं, धाकटीला अजून नाही. नाक चटईवर आपटतं, पुन्हा उचलते. मनी त्यांच्याकडे बघत होती. "बाबा, तुम्ही न्याल तर नीट न्याल, माहितीय मला." चटईची सुरकुती सरळ केली. "उद्या सांगते."

उद्या "न्या" म्हणाली तर?

तर तिकीट फाडून टाकीन, असं लिहिणार होतो. पण तिकीट कागदाचं कुठे आहे? ते संतोषच्या मोबाइलात. मग नाही म्हणेन. तोंडानं. ती रडेल, जावई समजावतील, भिवंडीहून फोनावर फोन येतील. मी या चटईवर बसून नाही म्हणत राहीन.

आणि तीही नाही म्हणाली, तर दोन हातांनी दोघी कशा सांभाळेल, ते मला माहीत नाही.

धाकटीनं आत्ता मान उचलली. बघा.