खिडकी कोण बंद करतंय?

१० नोव्हेंबर, सोमवार
परत बंद! ऐन जेवणाच्या वेळेला. अण्णांच्या घशात कफ अडकला आणि हाक मारायला काहीच नाही. आई जेवून आत गेली तेव्हा चेहरा काळानिळा! वाचले. मी इथे वडगावला ऑफिसात चहा पीत होते.

अर्धांगवायूत बोलणं गेलं, उरलं एक बोट. संगणकाच्या स्क्रीनवरची, मी बनवलेली खिडकी हाच त्यांचा आवाज — माउसनं चौकोन दाबला की ती मोठ्यानं बोलते: पाणी. दुखतंय. ये. तीच रोज दुपारी मिटते. पुन्हा असं झालं तर?

११ नोव्हेंबर, मंगळवार
बाण हलला, क्लिक झालं, 'बंद करा' आलं — अशा प्रत्येक घटनेला, म्हणजे इव्हेंटला, लिस्प या संगणकभाषेत मी लिहिलेलं एकेक फंक्शन उत्तर देतं. त्यातलंच एक माती खातंय. आजपासून येईल तो इव्हेंट नोंदवायचा.

आईला विचारलं, तू काही दाबलंस का? "म्या कशाला दाबू? सैपाकघरात जेवत व्हते. तुजं मशीनच येडं हाय!"

१३ नोव्हेंबर, गुरुवार
चूक माझी नाहीच! नोंदीत स्पष्ट आहे — कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक, मग 'बंद करा'. अण्णांचं बोट थरथरतं, तेच घसरत असणार.

लिस्पचं हे बरं, खिडकी चालू ठेवून आतलं फंक्शन बदलता येतं. ऑफिसातून बदललं, तिकडे वडिवळ्याला घरी खिडकी तशीच उघडी. आता 'बंद करा'ला एकच उत्तर — नाही!

शेजारच्या टेबलावरचा अतुल म्हणाला, "अगं, वापरणाऱ्याला बंद करता यायलाच हवी."
"तुझे वडील आहेत का तिथे?" मी सुनावलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
आईचा फोन. "आज न्हाई गेली खिडकी. पर हे लय चिडल्यात. घास घेईनात."
का?

१६ नोव्हेंबर, रविवार
आज घरी. आई ताटावर बसली, तसा अण्णांचा बाण सरळ फुलीवर. घसरून नाही — नेम धरून! क्लिक. क्लिक. खिडकी हलेना. मग बोट थरथरलं, नको असताना 'ये' दाबलं गेलं. आई हातातला घास टाकून धावली. पुन्हा बसली, पुन्हा 'ये'.

अण्णा माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत पाणी.

आई म्हणाली, "खिडकी बंद असायची तवा तेवढं पोटभर जेवन व्हायचं बघ."