गाडीचं तोंड कुठे आहे?

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर परवानगी देईल तेवढाच). तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला आणि त्या खोकल्यावरचं तुझं बोलणं, दोन्ही कमी झालं असेल अशी आशा आहे. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला दुसरं वाक्य पूर्ण करू देत नाहीस आणि आज माझ्याकडे बरीच वाक्यं आहेत.

तुझी अट पाठ आहे. रविवारी बारापर्यंत बाबांची गाडी स्वतःच्या जोरावर तुझ्या दारात आली तर ती माझ्याकडे राहणार. नाही आली तर त्या हॉटेलवाल्याला द्यायची आणि तो बॉनेटमध्ये माती भरून फुलझाडं लावणार. अगं, ज्या गाडीतून तू नवरी होऊन गेलीस (आणि रडून रडून माझा नवा शर्ट भिजवलास), तिच्यात गुलाबाची कलमं? तुझं पत्र आल्यापासून मला जेवण गेलेलं नाही. (गेलं, पण चव लागली नाही.)

म्हणून आज रविवारी सकाळीच निघालो. आपला जुना पेट्रोलपंप बंद पडल्यापासून ही म्हातारी गाडी वर्षभर उभीच होती, तरी दुसऱ्या झटक्यात सुरू झाली. टाकीत पेट्रोल मात्र घोटभर, म्हणून आधी नव्या पंपावर गेलो. गाडी लावली, काच खाली केली आणि वाट बघत बसलो. आठवतंय ना, पंपकाका कसे यायचे? डोक्यावर टोपी, खांद्यावर फडकं. बाबांनी हॉर्न द्यायच्या आत काच पुसून व्हायची, ऑइलची पट्टी ओढून बाबांना दाखवली जायची, प्रत्येक चाकाला एक लाथ बसायची. मग ते दांडा मारायला लागले की वरच्या काचेच्या नळकांड्यात पेट्रोल चढायचं आणि आपण दोघं मागच्या सीटवर गुडघे टेकून तोंड उघडं टाकून बघायचो. बाबा कधी गाडीतून उतरले नाहीत, म्हणून पुढे मीही कधी उतरलो नाही. तर आजही बसलो. चांगला पाव तास बसलो. मागे हॉर्न वाजायला लागले. मला वाटलं म्हातारीचं कौतुक चाललंय, मी हातही हलवला. शेवटी एक बाई येऊन म्हणाल्या, "काका, इथे आपलं आपणच भरायचं असतं."

बरं, भरू. नळी हातात घेतली आणि गाडीला एक चक्कर मारली. मग दुसरी मारली. ताई, हसू नकोस, पण तीस वर्षं ही गाडी चालवून पेट्रोल घालायचं तोंड कुठे आहे हे मला माहीतच नाही! पंपकाका मागे जायचे, काहीतरी खट् वाजायचं आणि टाकी भरायची. त्यात नाक खुपसायची मला कधी गरजच पडली नव्हती. मग अख्खी रांग शोधायला लागली. एक गृहस्थ इस्त्रीच्या शर्टासकट गाडीखाली शिरले. एका कॉलेजकुमाराने रेडिएटरचं झाकण उघडलं आणि "हेच असणार" म्हणून नळी मागितली, तेव्हा मी जो ओरडलो तो हुबेहूब बाबांच्या आवाजात.

शेवटी गाडी तिथेच सोडून दोन गल्ल्यांपलीकडे पंपकाकांच्या घरी गेलो. ते ओट्यावर मटार सोलत बसले होते. सगळं ऐकून हसले नाहीत. उठले, हात धुतले, नीट भांग पाडला आणि वर टोपी घातली. (टोपीखालचा भांग कोणाला दिसणार होता देव जाणे, पण विचारायची माझी हिंमत झाली नाही.) पंपावर आल्यावर आधी काच पुसली, माझ्या रुमालाने. मग ऑइल बघितलं, चाकांतल्या हवेवरून मला चारचौघांत झापलं आणि त्यानंतरच मागची नंबरप्लेट धरून खाली ओढली. खट्! तिच्या मागे झाकण. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पेट्रोलच्या वासाने आलं नव्हतं.

टाकी काठोकाठ भरून निघालो आणि गाडी अशी पळाली म्हणून सांगू! तेव्हा अट पुरी झाल्यातच जमा आहे. भाऊजींना नमस्कार, दोन्ही भाच्यांना आशीर्वाद.

तुझा लाडका (निदान एकेकाळचा),
धाकटा

ता. क. : पत्र घेऊन आलेत ते तुमच्याच कोपऱ्यावरचे शिंपी. त्यांच्याच दुकानात बसून लिहिलंय. त्यांना चहा दे आणि भाऊजींना व भाच्यांना ताबडतोब इकडे पाठव. दोर असेल तर दोरही. गाडीचं पुढचं चाक गटारात आहे.

ता. ता. क. : यात गाडीचा दोष नाही. पंपकाकांना सोबत आणलं होतं. वाटेत कळलं की उभा जन्म ही गाडी पुसली, भरली, पण तिच्यात ते आज पहिल्यांदाच बसले. मला राहवलं नाही. तुमच्या सरळ रस्त्याला लागल्यावर म्हटलं, शेवटचा टप्पा तुम्ही चालवा. आपल्याला चालवता येत नाही, हे त्यांनी गटारात गेल्यावर सांगितलं. अजून स्टिअरिंग धरून, मान खाली घालून बसलेत. उतरायला तयार नाहीत. पावणेबारा झालेत. मी हरलो असं तुला म्हणायचं असेल तर मला बाजूला घेऊन खुशाल म्हण. त्यांच्यासमोर मात्र एवढंच विचार, "काका, गाडी आणलीत का?"