एफ नऊचं बटण

सर, मी तुमच्या खुर्चीवर बसले आहे आणि पायांत सँडल आहेत. लॅबमध्ये धूळ नको म्हणून तुम्ही आम्हाला चपला दाराबाहेर काढायला लावायचात. एप्रिलमध्ये तास संपेपर्यंत त्या तव्यासारख्या तापायच्या आणि आम्ही नाचत नाचत गेटपर्यंत जायचो. आज लॅबचे मामा दारातच म्हणाले, "मॅडम, चप्पल बाहेर काढा ना." मी ऐकलं नाही. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, भिंतीवर तुमचा हार घातलेला फोटो आहे, आणि मी त्याच्यासमोरून मुद्दाम टाचा वाजवत आले.

कॉलेजनेच बोलावलं आहे. नवी जड सॉफ्टवेअरं इथल्या जुन्या मशीनना पेलत नाहीत, म्हणून साधा एडिटरच प्रोग्रामिंगसाठी तयार करून द्या, म्हणाले. सकाळपासून एकेका मशीनवर तेच करते आहे. ओळींना आकडे दिले, शब्दांना रंग दिले, कंस उघडला की मिटणारा कंस आपोआप यावा अशी सोय केली. सगळ्यात शेवटी एफ नऊ. ते दाबलं की प्रोग्राम सेव्ह होतो, कंपाइल होतो, चालतो, आणि काही चुकलं असेल तर चूक खालच्या चौकटीत दिसते. ओळखीचं वाटतंय ना, सर?

आम्ही तेव्हा एडिटरमध्ये लिहायचो, तो बंद करायचो, काळ्या पडद्यावर कंपाइलची लांबलचक आज्ञा टाइप करायचो, चूक आली की परत एडिटर उघडून बोटाने ओळी मोजत बसायचो. मला कंटाळा आला. मी एडिटरच्या सेटिंगमध्ये खुडबुड केली आणि हे सगळं एफ नऊवर बसवलं. नेमकं त्याच मशीनवर शिकवताना तुमचं बोट त्या बटणावर पडलं, काळी खिडकी उघडली, मिटली, आणि तुम्ही खुर्चीतून उठलात. "व्हायरस! कोणी टाकला?" मी हात वर केला, समजावूनही सांगायला लागले. तुम्ही ऐकून घेतलं नाहीत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तुम्ही अख्खी लॅब फॉरमॅट करायला लावलीत. प्रॅक्टिकलच्या तोंडावर सगळ्या वर्गाचे प्रोग्राम गेले आणि वर्ग माझ्याशी बोलेनासा झाला.

तेवढ्यानेही तुमचं भागलं नाही. तुम्ही माझ्या वडिलांना बोलावलंत. ते हिंगण्याच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून, कंपनीच्या कपड्यांतच आले. दारात बूट काढले, आणि भोक पडलेल्या मोज्यांवर, आत या म्हणेल कोणी म्हणून उभे राहिले. तुम्ही बसूनच म्हणालात, "हिनं मशीनीत व्हायरस टाकला. असल्या पोरीले घरी बसवा." बाबांनी हात जोडले. कशासाठी जोडले हे त्यांना माहीत नव्हतं. गाडीवर मागे न बघता त्यांनी विचारलं, "काहून केलं वं असं?" एडिटर म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली असती. ते वर्ष मी घरी काढलं. पुढच्या वर्षी आई त्यांच्याशी भांडली म्हणून परत आले. बाबा आजही पाहुण्यांना कौतुकाने सांगतात, आमच्या पोरीनं कॉलेजचे सगळे कॉम्प्युटर बिघडवले होते, पण पाहा आता. त्यांना ते खरंच वाटतं, सर.

दुपारी मामा चहा घेऊन आले. मी एफ नऊ दाबून दाखवलं, तर ते हसायला लागले. "हे तं आमच्या सरांचं बटन होय ना, मॅडम! तुमचं ते लफडं झालं, त्याच्या मांगून सरांनी आपल्या मशीनवर बसवून घेतलं. रिटायर होईपर्यंत तेच दाबत. कोणी आलं का हात मांगं घेत."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. इतकी वर्षं रोज माझं बटण दाबलंत, आणि हिंगण्याला एक निरोप धाडणं तुमच्याच्याने झालं नाही. "तुमच्या पोरीचं बरोबर होतं," एवढंच. मी तुम्हाला माफ करणार नाही. संध्याकाळी बाबांना इथे आणणार आहे. त्यांना तुमच्या खुर्चीवर बसवीन, बूट घालून, आणि ते बटण त्यांच्याच बोटाने दाबून घेईन. तुम्ही भिंतीवरून बघत बसा.

हे सगळं त्याच एडिटरमध्ये लिहिलं आहे आणि सेव्ह करणार नाही. एक मात्र बाबांनाही सांगणार नाही. मामा बोलले तेव्हा राग नंतर आला, सर. आधी मला आनंद झाला.