निळा कॅन, पांढरा कॅन

प्रिय रेन्झो,

कुंपणापलीकडच्या सख्ख्या भावाला पत्र टाकणारा गाढव मीच पहिला असेन. पण जानेवारीत मी साऱ्या स्टॅन्थॉर्प गावासमोर तुझ्या नावानं बोंबललो, आता तुझ्या फाटकात कुठल्या तोंडानं येऊ? इकडे तुझ्या आलुबुखारांच्या कळ्या फुगल्यात आणि आभाळ पुन्हा घाणेरडं झालंय. फुलं भिजली की यंदाही तुझ्या बागेत कूज शिरेल, या धास्तीनं दिवसातून दहादा आभाळाकडे बघतो.

त्या जानेवारीत माझी निम्मी फळं झाडावरच कुजली. तपकिरी डाग, त्यावर राखेसारखी बुरशी. मी म्हणालो, ही घाण रेन्झोकडून आली, कारण आदल्या साली सुकलेली कुजकी फळं त्यानं फांद्यांवर तशीच लोंबत ठेवली. ठेवली होतीसच. आई म्हणायची, रेन्झो स्वतःचं कामही दुसऱ्याचं असल्यासारखं करतो.

माझी फवारणी मात्र चोख, असं मी छातीठोकपणे सांगायचो. एकच औषध सारखं मारलं की बुरशी त्याला सरावते, हे तिसरीत शाळा सोडलेल्यालाही कळतं. म्हणून नऊ वर्षं मी एकदा निळा कॅन मारला, एकदा पांढरा. आणि तू? डोकं चालवायचे कष्ट नकोत म्हणून कुंपणावरून बघून तेच दोन कॅन आणलेस.

परवा औषधांच्या दुकानात काउंटरवर तुझी लेक ऑर्नेला होती. नखं रंगवलेली पोर मला शेती शिकवणार! मी दोन्ही कॅन मागितले, तर म्हणते, "काका, दोन कशाला? एकच आहे ते." मी म्हटलं, "डोळे तपासून घे. एक निळा, एक पांढरा." ती म्हणाली, "रंग कंपनीचा हो! बुरशीला काय रंग कळतात? हा औषधाच्या गटाचा नंबर वाचा." निळ्यावर मोठ्ठा तीन. पांढऱ्यावरही तीन. "नऊ वर्षं तुम्ही नुसता शर्ट बदललात, काका. आतला माणूस तोच." मागे उभा असलेला बेप्पे खो खो हसला. ज्याच्या बागेत तण कमरेला लागतं, तो मला हसतो!

एवढं ठसठशीत छापलेलं मी कधी वाचलं नाही. आकडे कंपनीवाल्यांच्या कामाचे, असं समजत होतो. असला मूर्ख मी. आणि माझी नक्कल करणारा तू, तुला काय म्हणू?

कूज माझ्याच झाडांवर पोसली आणि तुझ्याकडे आली, हे लिहून देतो. सोमवारी तू फुलांवर फवारणार आहेस. त्या दोनांतलं काहीही टाकीत ओतू नकोस. ऑर्नेला सांगेल तो दुसरा नंबर मार, आणि पुढच्या खेपेला त्याहून वेगळा. तिनं तुला हे आधीच सांगितलं म्हणे, तर तू म्हणालास, "दादा मारतो तेच मी मारणार. त्याला विचारल्याशिवाय बदलायचं नाही." सात महिने माझ्याशी बोलत नाहीस, आणि मला विचारल्याशिवाय बदलणार नाहीस! बावळट कुठला. म्हणून लिहिलं. बदल.

तुझाच दादा,
सिल्वानो